हक्क कुणाच्या जमिनीवर उभा राहतो?

(शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली येथे चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारो अनुयायांनी केले. त्या घटनेचे स्मरण करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. इतिहासाचा अभ्यासक या विषयावर जसे बोलेल तसे मला बोलता येणार नाही. तथापि स्मृतिदिनाच्या भाषणांतून जो प्रश्न सहसा मागे राहतो तो माझ्या विषयाच्या कक्षेत येतो, म्हणून तोच मी आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न साधा आहे. ज्याला आजवर दूर ठेवले त्या माणसाने आपला नागरी हक्क बजावला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटते की नाही?

या परिसराला समतेचा विचार परका नाही. येथून जवळच्या औंढा नागनाथाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे परंपरा सांगते. नंदी देवळामागे का आहे याचा उलगडाही लोक याच कथेने करतात. कथेतला अर्थ खोल आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कथेत देऊळ फिरले, गाव आपल्या जागी राहिले. गावकूस, पाणवठा, बलुते आणि शेतावरची मजुरी यांची व्यवस्था पुढील शतकांतही जशीच्या तशी चालू राहिली. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर झाली, पण त्यांच्या लेकरांना आत प्रवेश मिळण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. अंतःकरण हलले म्हणजे व्यवस्था हलते असे नाही. असे का होते, याचे उत्तर महाडच्या हकिगतीतच सापडते.

महाडच्या सत्याग्रहाच्या आधी कायदा सत्याग्रहींच्या बाजूने होता, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये तळे खुलेही केले होते. म्हणजे कागदावर हक्क होता. तीन वर्षे तो कुणाला वापरता आला नव्हता, इतकेच. मार्च १९२७ मध्ये तो वापरला गेला आणि परिणाम तत्काळ दिसला. परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. तिच्या मंडपासाठी सवर्णांपैकी कुणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली आणि मंडप उभा राहिला. स्थानिक व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारल्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. या दोन तपशिलांकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. तळे सार्वजनिक, हक्क कायद्याचा, संख्या हजारोंची, पुढारी त्या काळातील अर्थशास्त्राच्या मोठ्या विद्वानांपैकी एक. आणि तरीही पाय टेकण्यास वीतभर जमीन आणि पोटास पसाभर धान्य, हे दुसऱ्याच्या मर्जीवर. तळ्याचा दावा पुढे न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. दहा वर्षे! ज्याचे हातावर पोट आहे त्याने दहा वर्षे निकालाची वाट कशाच्या बळावर पाहावी?

बाबासाहेबांना हा पेच पुरता उमगला होता. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात या दुखण्याचे निदान आहे. अस्पृश्यांना बहुतेक ठिकाणी आर्थिक स्वातंत्र्य नाही. कुणी सवर्णांच्या जमिनी मर्जीवर कसतो, कुणी त्यांच्या शेतावर मजुरी करतो, कुणी गावकामाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतो. त्यामुळे हक्काची गोष्ट काढली की वरिष्ठ वर्ग जमीन काढून घेतो, काम बंद करतो, आणि साऱ्या गावाला वाळीत टाकण्यापर्यंत मजल जाते, असा त्याचा आशय. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी मागणी ठेवली, तीत सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा असे एक कलम होते. त्याची व्याख्या त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून थोड्या फेरफाराने घेतली होती. मताधिकाराच्या आणि प्रतिनिधित्वाच्या मागण्यांबरोबर किराणा, मजुरी आणि येण्याजाण्याच्या वाटेचे संरक्षण मागणारा हा मसुदा म्हणजे खेड्यातील सत्तेचे नेमके वर्णन आहे.

आता आपण थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याकडे आदराने सांगितला जातो आणि तो सांगण्याचा आपला हक्कही जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. राममनोहर लोहियांना मे १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात प्रवेश करू पाहिल्याबद्दल अटक झाली. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर स्थापन केली तेव्हा नावही तिकडूनच घेतले. तेव्हा तुलना नवी नाही. तुलना नीट करणे तेवढे राहिले आहे.

अमेरिकेतील लढ्याचे सर्वांत प्रसिद्ध पर्व माँटगोमेरी शहराचे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस टिकवला. लोक पायी गेले, एकमेकांच्या मोटारींतून गेले, आणि अखेर न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील वर्णभेद संपला. हा विजय नैतिक धैर्याचा होता यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातील हिशेबही पाहिला पाहिजे. त्या बसच्या उतारूंत सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. कंपनीचा गल्ला त्यांच्या नाण्यांनी भरत असे. म्हणजे तेथे बहिष्काराचे हत्यार पीडितांच्या हातात होते.

आपल्या खेड्यात हेच हत्यार नेमके उलट्या हातात आहे. येथे बहिष्कार घालतो तो जमीनवाला, दुकानदार, गिरणीवाला; आणि सोसतो तो मजूर. भूमिहीन माणसाने मोठ्या शेतकऱ्यावर बहिष्कार घालावा म्हणजे काय करावे? मजुरी सोडावी; मजुरी सोडली की चार दिवसांत पीठ संपते. समोरच्याचे पीक आठ दिवस उभे राहू शकते, याचे पोट राहू शकत नाही. सौद्याची ताकद म्हणतात ती ही, आणि ती ज्याच्याजवळ नाही त्याला राज्यघटनेचे सतरावे कलम वाचून दाखवणे पुरेसे नाही.

अमेरिकेतही शहर सोडून खेड्यात गेले की चित्र आपल्यासारखेच दिसते. टेनेसी राज्यातील फेएट या कापूस पिकवणाऱ्या परगण्यात कृष्णवर्णीयांची संख्या अधिक होती, पण त्यांतील बहुतेक गोऱ्या जमीनदारांची जमीन वाट्याने करीत. त्यांनी मतदार म्हणून नावे नोंदवण्यास सुरुवात केली, तेव्हा १९६० मध्ये जमीनदारांनी शेकडो कुटुंबांना घराबाहेर आणि शेताबाहेर काढले. दुकानदारांनी याद्या करून माल देणे बंद केले. ही कुटुंबे हिवाळ्यात तंबूंत राहिली. आणि ते तंबू कोठे उभे राहिले? स्वतःची जमीन असलेल्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या शेतात! पुढे केंद्र सरकारने खटला भरला आणि १९६२ मध्ये जमीनदारांना न्यायालयाने अशा दडपशाहीस मनाई केली; पण तोवरच्या दोन थंडीच्या मोसमांत तो लढा जिवंत राहिला तो त्या शेतामुळे. महाडचा मंडप आणि फेएटचे तंबू यांच्यामध्ये तेहतीस वर्षे आणि दोन महासागर आहेत. दोन्ही ठिकाणी हक्काला उभे राहण्यासाठी कुणाच्या तरी स्वतंत्र मालकीचा जमिनीचा तुकडा लागला.

१९५७ मध्ये गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला की भेदभाव करणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. स्पर्धा पुरेशी असेल तर भेदभाव तोट्यात जाईल आणि झिजेल. हा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे शिकवला आणि दरवेळी त्यातील गृहीताकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले. स्पर्धा कुठे आहे? जेथे काम देणारे पाच-दहा घरांचे, ते एकमेकांचे सोयरे, उचल देणारेही तेच आणि गावकीत बसणारेही तेच, तेथे बाजार नावाची वस्तूच अपुरी असते. तेथे भेदभाव मालकाला महाग पडत नाही. मजुरीचा दर दाबून ठेवण्यास तो उपयोगीच पडतो. जातीचा अहंकार आणि स्वस्त मजुरीची सोय या दोन गोष्टी एकमेकींना धरून राहतात.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ज्या माणसाने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढून या मागास भागात उच्च शिक्षणाची वाट रुंद केली, त्याचे नाव विद्यापीठाला देणे ही साधी कृतज्ञता होती. पण मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे गावे सोडून शहरांकडे पळाली. नामांतराच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल एस. एम. जोशींसारख्या वृद्ध नेत्याने अवमान सोसला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधे साडेपंधरा वर्षे गेली.

या दंगलीचे वर्णन अनेकदा अस्मितेचा संघर्ष असे केले जाते. नावाचा वाद तर शहरातील विद्यापीठाचा होता; मग आग ज्या खेड्यांतून कुणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते अशा खेड्यांत का लागली? कारण तेथे दुसराच हिशेब चालू होता. १९७२ च्या दुष्काळानंतर मजुरांना सरकारी कामावर रोख मजुरी मिळू लागली होती. मुले शिकू लागली होती. मेलेली जनावरे ओढण्याचे आणि हक्काच्या नावाखाली चालणारे गावकाम करण्याचे बौद्ध तरुण नाकारीत होते. जी घरे जळाली त्यांबरोबर धान्य, भांडी, कागदपत्रे, थोडीबहुत साठवलेली पुंजीही जळाली. म्हणजे माणसे थोडी स्वतःच्या पायावर उभी राहू लागली होती, आणि घाव नेमका त्या पायांवर घातला गेला.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक, हे सारे जुने झाले. आमच्या गावात आता नळ आला, शाळेत मुले एका ओळीत बसतात, हॉटेलात कपबशी वेगळी नसते. यात तथ्य आहे आणि ते आनंदाने मान्य केले पाहिजे. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडले, तेव्हाची स्थिती आज नाही. परंतु कोणता बदल कशाने झाला हे तपासावे. पाणवठ्याचा विटाळ पुष्कळ ठिकाणी माणसे बदलल्यामुळे संपला तितकाच घरोघर नळ गेल्यामुळेही संपला. जेथे वस्तू सर्वांना वेगवेगळी मिळू लागली तेथे तंटा मिटला. जेथे वस्तू मर्यादित आहे, म्हणजे जमीन, स्मशानाची जागा, गायरान, कालव्याचे पाणी, तेथे आजही आवाज चढतो.

पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली आणि त्या पाण्याने या भागातील शेतीचे रूप पालटले. ऊस आला, हळदीने वसमत-हिंगोलीला बाजारपेठ दिली. पण कालव्याचे पाणी जमिनीला मिळते, माणसाला मिळत नाही. ज्याला जमीन नाही त्याचा त्या पाण्यावर हक्क नाही. धरण ज्या सार्वजनिक पैशातून झाले त्यात मात्र त्याने काडेपेटीवर भरलेला करही होता. याला पर्याय नाही असे समजू नये. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणीपंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात दिले आणि भूमिहीनांचाही वाटा मान्य केला.

जमिनीचा प्रश्न दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांच्या सत्याग्रहाने ऐरणीवर आणला. मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी पडीक गायराने फोडून कसली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. निर्णय आहे, पण कसणाऱ्याच्या नावे सातबारा व्हावा म्हणून तहसिलीचे उंबरे झिजवणारी माणसे आजही आहेत. गावची सामायिक जमीन वाचवावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले, तेव्हाही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद केला होता. तो अपवाद अंमलदारांच्या लक्षात राहत नाही. अलीकडे सौर प्रकल्पांसाठीही गायराने घेतली जात आहेत. वीज हवीच, पण जी जमीन तीस-चाळीस वर्षे एखादे कुटुंब कसत आहे ती ‘रिकामी’ ठरवून वीज निर्माण करणे हा विकासाचा हिशेब चुकीचा आहे.

दुसरा आधार कामाच्या हमीचा. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचे महत्त्व केवळ पोट भरण्यापुरते नव्हते. गावातील मालकाखेरीज काम मिळण्याचे दुसरे दार उघडले, हे त्याचे खरे मोल. तेथे हजेरीपट जात पाहत नव्हता. देशाने हा विचार २००५ मध्ये स्वीकारला. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या जागी नवा कायदा केला. त्यात कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद घातली. हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु मजुराची सौद्याची ताकद हंगामातच असते. नेमक्या त्याच वेळी दुसरे दार बंद करणे म्हणजे त्याला पुन्हा एकाच उंबऱ्यावर उभे करणे होय.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यात बहिष्काराची दखल होती. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा ठरला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. १९३० मध्ये बाबासाहेबांनी मागितलेले कलम इतक्या वर्षांनी पदरात पडले. आता ते वापरायला गावात साक्षीदार हवा, आणि साक्षीदारालाही उद्याचे काम हवे असते. पुन्हा आपण मूळ प्रश्नाशी येतो.

हा प्रश्न केवळ बौद्ध किंवा मातंग बांधवांचा आहे असे येथील शेतकरी मित्रांनी समजू नये. आरक्षणाच्या वादात मराठवाड्यातील काही गावांतून, अमक्या जातीच्या दुकानात जाऊ नका, तमक्याला काम सांगू नका, अशी भाषा २०२४ मध्ये कानी आली. ती बोलणारे आणि ज्यांच्याविषयी बोलली गेली ते, दोघेही प्रामुख्याने शेतकरी समाजातील होते. बहिष्काराचे हत्यार शतकानुशतके गावाने घरात जपून ठेवले. ते आता घरच्यांवरच उगारले जात आहे. सोयाबीनच्या भावाने आणि कर्जाने पिचलेला तीन एकरांचा मराठा शेतकरी आणि त्याच्या बांधावर काम करणारा मजूर यांचे हितसंबंध हंगामातील चार दिवस विरुद्ध असतील. वर्षातील उरलेले दिवस दोघांनाही लुटणारा एकच बाजार आहे. ही गोष्ट दोघांना एकत्र बसवून सांगणे हे समाजवाद्यांचे काम आहे, आणि ते आपण पुरेसे केलेले नाही.

मी आपल्यापुढे तीन कामे ठेवतो. गावातील गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि त्यांच्या सातबाराचा पाठपुरावा भूमिहीनांबरोबर जमीनवाल्यांनीही करावा. हंगामात कामे बंद ठेवण्याच्या तरतुदीविरुद्ध मजुरांचे म्हणणे लेखी स्वरूपात शासनाकडे जावे. आणि कुणावरही, कोणत्याही कारणाने, किराणा-गिरणी-मजुरी बंद करण्याची भाषा गावात निघाली, तर पहिली तक्रार ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याने करण्याची वेळ येऊ नये. ती ज्याच्या घरी वर्षाचे धान्य आहे अशा माणसाने करावी.

फत्तेखान यांनी महाडला भाषण केल्याचे मी वाचलेले नाही. त्यांनी जागा दिली. आज त्या जागेवाचून हक्क अडून राहिलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि ज्यांच्याजवळ जागा आहे असे बरेच जण या सभेत बसले आहेत.